केनिया, मुक्काम मरोळ

१९ मे, सोमवार

मी केनियात नाही. मरोळला आहे!

विमानतळावरून रिक्षाने आलो. चौघं, दोन रिक्षा, नऊ बॅगा. पहिल्या रिक्षावाल्याने तर नाहीच म्हटलं, इतक्या जवळ येणार नाही म्हणाला. आफ्रिकेला निघालेली बाई, आणि रिक्षावाल्याला ती जवळची वाटते!

ही डायरी भगिनी मंडळाने दिली. "मालनताई, केनियाच्या आठवणी लिहा." घ्या लिहिते. पहिली आठवण: मरोळच्या गेस्ट हाऊसमधला पंखा खरखर करतो.

कालच चारकोपच्या आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, निरोप दिला. केवढा निरोप! उपासनेनंतर सगळे उभे राहिले, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बायका रडल्या. बाहेर बॅनर — 'सेवायात्रा: केनिया', खाली आम्हा चौघांचे फोटो. सुबोध उजागरे सर, मंडळीचे सेक्रेटरी, म्हणून लीडर. वसुधा, शाळेतून रिटायर झालेली, ती शिवण शिकवणार. किरण, लॅब टेक्निशियन, रक्त तपासायची माहिती देणार. आणि मी. उभी नोकरी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या लेबर वॉर्डात गेलेली. तिथल्या डोंगरातल्या एका लहानशा मिशन दवाखान्याने नर्स मागितली होती, बाळंतपणं करणाऱ्या बायकांना शिकवायला. बाकीचे मागून जोडले गेले. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण खरं आहे.

आज विमानतळावर काऊंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आखातावरचं आकाश बंद केलंय. लढाई चालू झालीय. फ्लाईट कॅन्सल."

आकाश बंद! लिफ्ट बंद, पाणी बंद, ऑपरेशन थिएटर बंद, सगळं ऐकलं जन्मात. आकाश बंद पहिल्यांदाच!

कुठलाही शहाणा माणूस काय करील? घरी जाईल. पण सर म्हणाले, "असं कसं परत जायचं सिस्टर? काल हात ठेवून प्रार्थना झालीय आपल्यावर. एक-दोन दिवसांचा प्रश्न. इथेच कुठे तरी राहू. कुणाला कळायची गरज नाही."

आमच्या मंडळीचं असंच आहे. एकदा गाणं म्हणून निरोप दिला की माणसाने गेलंच पाहिजे. खंडू पाटोळे दुबईला नोकरीला गेला, पटलं नाही, पावसाळ्याआधी परत आला. अजून त्याला 'दुबईवाला' म्हणतात. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर तेवढं छापायचं राहिलं.

मी काय म्हटलं? काहीच नाही. गप बॅग उचलली. कारण मलाही परत जायचं नाहीये!

मुकुल, माझा लेक, आधीपासून विरोधात. "आई, या वयात? बीपी आहे तुला." शेवटी कबूल झाला, पण काय थाटात! "एकदाच जा. ऑक्टोबरमध्ये बाळ येतंय. मग कुठे जायचं नाही. आलीस की पासपोर्ट माझ्याकडे राहील." सून प्रांजल काही बोलली नाही. पाचवा महिना आहे तिला. पण बाळ सांभाळायचं कुणी, हे घरात न बोलता ठरलेलं आहे.

मी चारकोपला पाऊल ठेवलं की संपलं. "बघ, देवाचीच इच्छा नव्हती," म्हणतील सगळे. आणि देवाची इच्छा म्हटली की माणसाने वाद घालायचा नसतो! मी घालणार. सहा वर्षांची असताना आमच्या नगरकडच्या गावात मिशन दवाखान्यात मिसबाई पाहिली होती. परक्या मुलखातून आलेली, मोडकं मराठी बोलणारी, रात्री-अपरात्री बैलगाडीतून बाळंतपणाला जाणारी. माझी आई तिच्या हाताखाली आया होती. तेव्हाच ठरवलं, मीपण अशीच जाईन कुठे तरी, जिथे मला कुणी ओळखत नाही. मग लग्न, नोकरी, ह्यांचं आजारपण, मुकुलचं शिक्षण. ते सगळं केलं. हसत केलं. आता माझी पाळी आहे.

पिवळ्या तापाची लस घेतलेला दंड अजून दुखतोय. फुकट नाही घेतलेली.

२० मे, मंगळवार

सकाळी मंडळीच्या ग्रुपवर विचारणा सुरू. पोचलात का, पोचलात का? सरांनी लिहिलं, "प्रभूच्या कृपेने सुखरूप पोहोचलो. नेटवर्क कमी आहे."

धाडधाड हात जोडलेले आले. पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली. मोबाईलवर! शेवंतीबाईंनी, भगिनी मंडळाच्या अध्यक्षांनी, लिहिलं, "टोप्या बाळांना बसल्या का?" (भगिनी मंडळाने दोन महिने बसून लोकरीच्या टोप्या विणल्यात. डोंगरात थंडी असते म्हणून. ती बॅग माझ्या कॉटखाली आहे, आणि बाहेर अंगाची लाही होतेय.)

मी सरांना म्हटलं, "हे काय लिहिलंत?"

"विश्वासाने लिहिलं सिस्टर. उद्या-परवा पोचणारच आहोत."

म्हणजे खोटं आधी बोलायचं आणि खरं मागून यायचं! मी खूप बोलले. किरण खाली मान घालून हसत होता.

मग मुकुलचा फोन. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हो रे, पोचले. छान आहे. हवा गार आहे." घामाने चष्मा घसरत होता तेव्हा! तेवढ्यात खिडकीखालून भंगारवाला ओरडत गेला.

"आई, तिकडेपण भंगारवाला?"

"गरिबी सगळीकडेच असते रे," म्हटलं आणि ठेवला.

सरांना बोलायचं तोंड राहिलं नाही आता. पण सरांचं खोटं मिरवण्यासाठी आहे. माझं सुटण्यासाठी आहे. फरक आहे! आहे ना?

दुपारी बाजारात गेले. गेस्ट हाऊसची राधा आमटी करते ती नुसतं पिवळं पाणी. पावसाळ्याआधीचे दिवस, बाजारात सुक्या मासळीचे ढीग. डोक्यावरून ओढणी घेतली आणि बोंबील घेतले. प्रांजलचं ऑफिस त्याच रस्त्याला आहे, पलीकडच्या टोकाला. पण ती घरून डबा नेते, दुपारची खाली उतरत नाही. तरी वाकूनच उभी राहिले. माझ्या वयाच्या बाईने सुनेच्या भीतीने मासळीवालीच्या मागे लपायचं!

राधाने तव्यावर बोंबील भाजले. अख्खा मजला घमघमला. सर नाकाला रुमाल लावून बसले आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

प्रांजलचा मेसेज आला. "आई, जपून राहा. बाहेर फिरताना उन्हाचं सांभाळा." मी लिहिलं, "इथे ऊन नाही गं."

२१ मे, बुधवार

आकाश अजून बंद.

संध्याकाळी मंडळीच्या प्रार्थनासभेने व्हिडिओ कॉल मागितला. सरांनी वीज गेल्याचं लिहिलं. मंडळीने केनियाच्या विजेसाठी प्रार्थना केली! वसुधा उशीत तोंड खुपसून हसत होती, मग रडायला लागली. "मालन, मी पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका शिकवलं गं."

मुकुलचा व्हिडिओ कॉल मात्र आला नाही. प्रांजलने त्याला सांगितलं म्हणे, आईंना त्रास देऊ नको, तिकडे नेटवर्क नसतं. भली पोर!

२२ मे, गुरुवार

आज भांडले. दोनदा. दोन्ही वेळा जिंकले.

पहिलं भांडण सकाळी. सर तयार होऊन बसलेले. "आरे कॉलनीत जाऊ. झाडी आहे. तुम्ही युनिफॉर्म घाला, किरण पांढरा कोट घालेल. चार फोटो टाकले की मंडळीचं समाधान."

"सर, मागे आरेच्या म्हशी येतील."

"केनियातही म्हशी असतील."

मी उभी राहिले. "मी येणार नाही. लेबर वॉर्डाच्या रजिस्टरवर जे झालं तेच लिहिलं मी. जिवंत ते जिवंत, मेलेलं ते मेलेलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी वेळ बदलली नाही कधी. आणि तुम्ही मला म्हशींपुढे उभी करून मिशनरी करताय?"

"आणि मुकुलला काय सांगितलंस गं?" वसुधा हळूच म्हणाली.

झालं! मी युनिफॉर्म बॅगेत कोंबला. पण आरेला कुणी गेलं नाही. जिंकलेच.

दुसरं भांडण दुपारी. सरांच्या ओळखीच्या ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. आखात टाळून, दुसऱ्या कंपनीचं विमान, थेट आफ्रिकेला. पुढच्या मंगळवारी. पण जागा दोनच. सर लगेच म्हणाले, "मग मी आणि किरण जातो. भगिनींनी घरी जावं. काय सांगायचं ते मी बघतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. "दवाखान्याने काय मागितलं होतं, सर?"

"सिस्टर, लीडर नको का?"

"नर्स मागितली होती! लीडर कोणी मागितला?"

किरण म्हणाला, "मावशी बरोबर बोलतायत, सर." शाब्बास पोरा!

मी तिथल्या मेट्रनला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, सगळ्यांसमोर. माझं इंग्लिश वॉर्डातलं, तिचंही वॉर्डातलंच, छान जमलं. तिने तीन बायका जमवल्यात. लांबच्या वाड्यांतून चालत आल्यात, दवाखान्यातच राहिल्यात, वाट बघतायत. म्हणाली, "ग्रुप इज व्हेरी नाइस. बट सिस्टर, यू कम."

सरांनी फोन उचलला. ट्रॅव्हलवाल्याला माझं आणि किरणचं नाव दिलं.

मी जाणार! लढाई होऊ दे, आकाश बंद होऊ दे. माझ्यासाठी कुणीतरी डोंगर उतरून आलंय आणि बसलंय. उभ्या जन्मात माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. घरी वाट बघतात ती जेवणासाठी.

२३ मे, शुक्रवार

रात्र जागायची आहे. म्हणून लिहिते.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात प्रांजलचा फोन. आवाज एवढासा. "आई, डाग दिसतोय. ऑफिसच्या बाथरूममध्ये आहे मी. मुकुल वापीला गेलाय, त्याचा फोन लागत नाहीये. काय करू?"

एक क्षण. खरंच एक क्षण थांबले मी. इथे लपवणार नाही. डोक्यात आलं, फोनवरच सांगता येईल. रिक्षा कर, दवाखान्यात जा, डाव्या कुशीवर झोप. केनियात राहूनही एवढं सांगता येतं. मंगळवारचं विमान डोळ्यांपुढून गेलं.

मग माझं तोंडच बोललं. "दाराची कडी काढून ठेव. खाली बस. मी आले."

पळाले. केनियासाठी भरलेली बॅग उघडी टाकून, त्यातले पॅड, ग्लोव्हज आणि तो लहानसा डॉपलर घेऊन. भगिनी मंडळाकडून दवाखान्याला भेट द्यायचा होता तो, पोटावर ठेवला की बाळाचे ठोके ऐकवतो. वसुधा मागून ओरडत होती, चपला घाल! राधाच्या चपला घालून गेले मी. दोन्ही वेगवेगळ्या.

ऑफिसातल्या मुलींनी तिला बाथरूमबाहेर जमिनीवर निजवलं होतं. चेहरा पांढरा. रक्त पाहिलं. फार नव्हतं, ताजं होतं. जेल नव्हतं, कुणाच्या तरी पर्समधलं क्रीम लावलं आणि डॉपलर ठेवला. आधी नुसती खरखर. मी हलवत राहिले. हजारो पोटांवर हात ठेवलाय या हातांनी, आज सापडेना. "प्रभू, आता माझ्याशी भांडू नकोस," एवढंच म्हणत होते. आणि मग लागले ठोके. पळणारे, छोटे, भरभर! प्रांजलने माझं मनगट धरलं ते सोडेना.

इथल्याच एका नर्सिंग होममध्ये आणलं. बाळ ठीक आहे. बाळाची वार खाली आहे म्हणाले, म्हणून रक्त गेलं. दोन दिवस इथे, मग घरी पूर्ण आराम.

एक गोष्ट. तिने विचारलंच नाही मी कुठून आले. घाबरली असेल बिचारी.

२४ मे, शनिवार

मुकुल काल संध्याकाळी वापीहून थेट आला. दारात मला बघून थिजला.

"तू?!"

प्रांजल झोपली होती. त्याला जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. आकाश बंद, मरोळ, सर, सगळं. त्याचा चेहरा लाल झाला.

"भंगारवाला!" म्हणाला. त्याला आधी तेच आठवलं. "आई, तू मला चार दिवस वेड्यात काढलंस?"

"काढलं. कारण खरं सांगितलं असतं तर तू तासाभरात गाडी घेऊन आला असतास."

"आलोच असतो! आई आहेस तू माझी!"

"आई आहे. तुझ्या घरातलं कपाट नाहीये, कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायला."

कठोर बोलले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बापासारखा खालचा ओठ चावून उभा राहिला. म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तू ड्युटीवर होतीस. मी एकटा होतो घरी. तेव्हापासून तू लांब गेलीस की मला धड झोप लागत नाही. आता हिचं असं. मंगळवारी पुन्हा निघणार आहेस?"

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत बोलला नाही कधी. मी त्याची पाठ चोळली आणि दोघांसाठी चहा आणला.

विहीणबाई जानकीकाकू पार्ल्याहून आल्या. लेकीच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला म्हणाल्या, "तुमच्या प्रार्थनेवर चालेल ना?" मी म्हटलं, लावा, जे आहे ते सगळं लावा. मग आम्ही दोघी मिळून रडलो.

२५ मे, रविवार

चारकोपला उपासनेला गेले. वसुधाला घेऊन. सर आले नाहीत. "सिस्टर, मला थोडा वेळ द्या," म्हणाले. मी म्हटलं, आठवडा दिलाय.

शेवटच्या बाकावर बसलो. भिंतीवर अजून तो बॅनर! पाळकसाहेब डोळे मिटून म्हणत होते, "केनियातल्या आमच्या चार सेवकांना, प्रभू, त्या परक्या भूमीत..." आणि डोळे उघडले तर समोर मी! त्यांचं आमेन घशातच राहिलं. एकेक मान वळायला लागली.

साक्ष द्यायची, आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायची वेळ आली तशी उठले. गेले पुढे. म्हटलं, "आम्ही केनियात नाही. मरोळला होतो, सोमवारपासून. विमान रद्द झालं, तो आमचा दोष नाही. पण परत यायची लाज वाटली. तुम्ही एवढं रडून पाठवलंत! मी माझ्या लेकाशीपण खोटं बोलले. सरांना एकट्याला धरू नका. पण एक सांगते. आपण माणसाला असा निरोप देतो की त्याला परत यायला तोंडच राहत नाही. खंडूला विचारा."

मग शेवंतीबाई बसल्या जागेवरून, "मग माझ्या टोप्या?"

"मरोळला. कॉटखाली."

कुणीतरी हसलं. मग सगळेच. खंडू मागून ओरडला, "मावशी, आजपासून तुम्ही केनियावाल्या! माझी सुटका झाली!" पाळकसाहेब हसले नाहीत. खाली उतरून जवळ आले. "बाई, आपलं दार कधी बंद होतं का?" एवढंच विचारलं. रागवले असते तर बरं झालं असतं. मला हुंदका आवरेना.

संध्याकाळी सर स्वतः पाळकसाहेबांकडे गेले. नंतर मला फोन केला. रडत होते. "माझे वडील या मंडळीचे शिपाई होते, सिस्टर. सतरंज्या घालायचे. मला एकदा तरी त्या बॅनरवरचा माणूस व्हायचं होतं." माझंही निराळं काय होतं!

२६ मे, सोमवार

प्रांजलला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण सहा आठवडे उठायचं नाही. मुकुलने माझी बॅग न बोलता माळ्यावर टाकली, पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवला.

मीच सरांना फोन केला. माझ्या जागी वसुधाला पाठवा. तिला शिवण येतं, बायकांशी बोलता येतं. बाळंतपणाचं मी फोनवर शिकवीन. जमेल तसं.

कुणी सांगितलं म्हणून नाही! सांगितलं असतं तर गेले असते, हट्टाने गेले असते. पण कुणी सांगितलंच नाही. मुकुल गप, प्रांजल भिंतीकडे तोंड करून झोपलेली. कुणी अडवलंच नाही तर माणसाने कुणाशी लढायचं?

राग येतोय. प्रभूचा येतोय, आकाश बंद करणाऱ्यांचा येतोय, त्या न संपणाऱ्या ऑक्टोबरचा येतोय. त्या तीन बायका अजून बसल्यात. मेट्रनला कळवायचं धाडस झालं नाही. उद्या कळवीन.

डॉपलर प्रांजलच्या उशाशी ठेवलाय. भगिनी मंडळाला नवा घ्यावा लागेल.

२७ मे, मंगळवार

विमानतळावर बसून लिहितेय. पलीकडे किरण बॅगांवर डोकं ठेवून घोरतोय. टोप्या आहेत, डॉपलरपण आहे. प्रांजलने तो स्वतः बॅगेत घातला. "मला ठोके ऐकायला डॉक्टर आहेत," म्हणाली.

सकाळी उठले तर माझी बॅग दारात. मुकुलनेच माळ्यावरून काढलेली. जानकीकाकू ओट्यापाशी, पदर खोचून, महिनाभराचे कपडे घेऊन आलेल्या. प्रांजल पडल्या पडल्या म्हणाली, "आई, तुमची सीट रद्द झालेली नाही. काल सरांना मी फोन केला. म्हटलं, त्यांचं नाव काढायचं नाही." वसुधाला आधीच विचारलं होतं म्हणे. तिने देवाचे आभार मानले, तिला विमानाची भीतीच वाटते!

मी म्हटलं, "अगं, तुला परत काही झालं तर?"

"आई आहे माझी इथे. मुकुल आहे. तुम्ही जा. आणि या वेळी पोचलात की खरंच पोचल्याचं कळवा."

मुकुल सोडायला आला. पासपोर्ट त्यानेच माझ्या हातात ठेवला. खांद्याला धरून उभा राहिला.

निघताना प्रांजलने जवळ बोलावलं. कानाशी म्हणाली, "मागच्या मंगळवारी बाजारात पाहिलं मी तुम्हाला. डोक्यावर ओढणी, हातात बोंबील. मुकुलला सांगितलं नाही. म्हटलं, चार दिवस तरी त्यांचे त्यांना मिळू देत."

मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

"शुक्रवारी मी केनियाला फोन केलाच नव्हता, आई. मरोळला केला होता."